गाडी पायथ्याशी, माणूस माथ्यावर

वैशाख लागला की पुणे–सोलापूर महामार्गावरच्या कासुर्डी, यवत, केडगाव, पाटस या पट्ट्यात पारा चाळिशीला टेकतो. बाजारहाट सकाळी दहाच्या आत उरकायचा, उसाला पाणी शक्यतो रात्री धरायचे आणि दुपारी सावली सोडायची नाही, असा दिवसाचा क्रम ठरून जातो. शाळांना सुट्टी लागलेली असते, लग्नसराई निम्मी सरलेली असते आणि घराघरांत एकच विषय निघतो, दोन दिवस महाबळेश्वर करून यायचे. ही इच्छा चैनीची नाही. पूर्वी उन्हाळ्यात थंड हवेला जाणे हा साहेबाचा आणि संस्थानिकाचा मान होता. आज दौंड तालुक्यातला ऊसकरी, कुरकुंभच्या कारखान्यातला कामगार आणि यवतचा दुकानदारही आपल्या मुलाबाळांना घेऊन तिथे जातो, ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणून मे महिन्यातल्या कोंडीच्या बातम्या आल्या की ‘लोकांनी जाऊच नये’ असा जो शहाजोग सल्ला दिला जातो, तो मला मान्य नाही. लोकांनी जावे, जरूर जावे. मात्र त्यांच्याबरोबर त्यांची गाडी डोंगरमाथ्यापर्यंत गेलीच पाहिजे, हा हट्ट सोडायला हवा. डोंगरावरच्या गावांना उन्हाळ्यात मर्यादा लावायची असेल तर ती माणसांच्या आधी मोटारींना लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

या गावांची घडण कशासाठी झाली, हे आधी पाहिले पाहिजे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८च्या सुमारास महाबळेश्वरची जागा हेरली. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी १८२९मध्ये हा प्रदेश इंग्रजांना दिला आणि बदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव घेतले. तेव्हापासून मुंबई इलाख्याचा कारभार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्याला, असा हलू लागला. एप्रिल-मेमध्ये वर जायचे आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली की खाली उतरायचे, हे वेळापत्रक त्या गव्हर्नरांचे आहे, आणि आपणही जवळपास तेच पाळतो. फरक संख्येचा आहे. तेव्हा वर जाणारा लवाजमा कितीही मोठा असला तरी तो घोडे, डोल्या आणि बैलगाड्यांचा होता आणि आठवडेच्या आठवडे एकाच जागी राहत होता. आज तेवढ्याच घाटांतून, तेवढ्याच माथ्यावर, शनिवारी सकाळी चढून रविवारी संध्याकाळी उतरणारी वाहने येतात. २०११च्या जनगणनेत महाबळेश्वर नगरपालिकेची लोकसंख्या १३ हजारांच्या आसपास होती. एवढ्या लहान गावाच्या रस्त्यांवर, पाण्यावर आणि कचरागाडीवर दीड-दोन महिन्यांत अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राची आणि शेजारच्या गुजरातची सुट्टी येऊन आदळते.

डोंगराची ताकद जोखायची दोन मापे आहेत, पाणी आणि रस्ता. पाण्याची गोष्ट दौंडकरांना पटकन उमगणार नाही. आपल्याकडे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे. मग तिथे टंचाई कशी? कारण तो सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उभ्या उतारांवरून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या नद्यांमधून निघूनही जातो. माथ्यावर जांभ्याचा थर आहे. तो पाणी पितो आणि झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत हे झरे बऱ्यापैकी वाहतात, एप्रिल-मेमध्ये त्यांची धार बारीक होते. म्हणजे नेमकी जेव्हा माणसे सर्वांत जास्त, तेव्हा पाणी सर्वांत कमी. महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांची भिस्त ज्या वेण्णा तलावावर आहे, तो मुळात साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२मध्ये बांधलेला. ज्या तलावात आपण होड्या फिरवतो, त्यावरच हॉटेलांच्या टाक्याही भरायच्या असतात. शिमल्याने या गणिताची चुणूक २०१८च्या मे-जूनमध्ये दाखवली. पाणी इतके आटले की गावकरी रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले, गाड्या धुण्यावर आणि बांधकामावर तात्पुरती बंदी आली आणि पर्यटकांनी सध्या येऊ नये, अशी विनवणी खुद्द शिमलेकरांनीच केली.

पाण्याचे माप खोल्यांच्या संख्येला लावावे लागेल, आणि ते काम सोपे नाही. परवाने, अनधिकृत बांधकामे, न्यायालयातली प्रकरणे, सगळ्यांचा गुंता त्यात आहे. १७ जानेवारी २००१च्या अधिसूचनेने महाबळेश्वर–पाचगणी हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला, त्याला आता पाव शतक झाले. तरी बांधकामांचा प्रश्न मिटलेला नाही. रस्त्याचे माप मात्र उद्यापासून लावता येते. महाबळेश्वरला चढणाऱ्या मुख्य वाटा तीनच. वाईकडून पसरणी घाट, साताऱ्याहून मेढामार्गे केळघर घाट आणि कोकणातून पोलादपूरकडचा आंबेनळी घाट. मेमधल्या एखाद्या शनिवारी पसरणी घाटाचे चित्र काय असते? पहिल्या गिअरवर खुरडणाऱ्या गाड्या, जळक्या क्लचचा वास, वळणावर बोनेट उघडून उभी असलेली एखादी गरम झालेली मोटार आणि तिच्यामुळे मागे लागलेली रांग. घाट संपला की पाचगणीच्या बाजारात तीच रांग, आणि पुढे वेण्णा तलावापाशी कणसाच्या आणि स्ट्रॉबेरी क्रीमच्या गाड्यांसमोर पुन्हा तीच. एसटीच्या साध्या गाडीत ४४ माणसे बसतात. तेवढीच माणसे चार-चार जणांनी मोटारीतून आली तर ११ मोटारी लागतात. छोटी मोटारही चार मीटरला थोडी कमी असते, म्हणजे एकीला एक चिकटून उभ्या केल्या तरी ४० मीटरहून जास्त रस्ता अडला. एसटीला १२ मीटर पुरतात, आणि प्रवासी उतरवून ती परत जाते, दिवसभर कुणाच्या दारात उभी राहत नाही. माणसे तेवढीच ठेवून रस्त्यावरचा भार पाव-तृतीयांशावर आणता येत असेल, तर माणसांना ‘येऊ नका’ कशासाठी म्हणायचे?

हे नुसते कागदावरचे गणित नाही. याच राज्यात माथेरान आहे. ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने १८५०मध्ये या डोंगराची वाट शोधली, आदमजी पीरभॉय घराण्याने १९०७मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर नेली, पण मोटारीला गावात प्रवेश मिळाला नाही तो आजतागायत. दस्तुरी नाक्यावर सगळ्यांची गाडी थांबते. तिथे कुणी कितीही महागडी गाडी आणली तरी किल्ली खिशात टाकायची आणि लाल मातीच्या वाटेने बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालायचे, नाहीतर घोडा, अमन लॉजची शटल किंवा अलीकडची ई-रिक्षा धरायची. सामान हमालाच्या डोक्यावर, पोर बापाच्या खांद्यावर. आणि तरी दर सुट्टीला माथेरान भरतेच. गाडी बाहेर ठेवली म्हणून गाव ओस पडले असते तर ते शंभर वर्षांपूर्वीच पडले असते. माथेरान म्हणजे स्वर्ग, असे मात्र कुणी समजू नये. तिथे माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा स्वातंत्र्यानंतरही कैक दशके चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितले आणि ई-रिक्षांची सोय करण्याचा आदेश दिला. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांना खोटी माहिती देऊन लुबाडले जाते, या तक्रारीवरून मार्च २०२५मध्ये माथेरानकरांनीच गाव बंद ठेवले. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. गाडी अडवली तर पुढची सोय सरकारने स्वच्छ, ठरलेल्या दराची आणि मुबलक ठेवली पाहिजे. ती नसेल तर नाक्यावर दलालांचे राज्य येते. पण हा दोष सोयीच्या अभावाचा आहे, गाडी अडवण्याचा नाही.

दुसरा दाखला साताऱ्याच्या उंबरठ्यावरच आहे. कास पठार २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि पुढच्या प्रत्येक फुलांच्या हंगामात गर्दी उसळली. तिथे दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा ठरली, आगाऊ ऑनलाइन नोंदणी आली, शुल्क आले, गाड्या लांब उभ्या करून बसने पठारावर नेण्याची पद्धत पडली. हे सगळे स्थानिक गावांच्या समितीमार्फत चालते आणि त्यातून गावातल्या तरुणांना काम मिळते. देशात अन्यत्र बघायचे तर उटी आणि कोडाईकनालचे उदाहरण ताजे आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४पासून तिथे जाणाऱ्या वाहनांना ई-पास सक्तीचा झाला. पुढच्या वर्षी न्यायालयाने उन्हाळ्यासाठी आकडेच ठरवले. उटीला एरवी रोज सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार वाहने, कोडाईकनालला अनुक्रमे चार आणि सहा हजार. स्थानिक रहिवासी, सरकारी बस आणि शेतमालाच्या गाड्या यांना त्यातून वगळले. डोंगर किती भार पेलू शकतो, याचा अभ्यास आयआयटी मद्रास आणि आयआयएम बंगळूर यांच्याकडे सोपवला. निलगिरीतल्या व्यापाऱ्यांनी विरोध केला, बंदही पाळला, पण उटी काही उजाड झाली नाही. रोहतांग खिंडीसाठी राष्ट्रीय हरित लवादाने रोज १,२०० वाहनांची मर्यादा तर दशकभरापूर्वीच घातली होती.

यावर पहिला आक्षेप येईल तो घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा आणि तान्ह्या मुलांचा. आजीला गुडघेदुखी आहे, तिला बसमध्ये कसे चढवायचे? आक्षेप खरा आहे, म्हणूनच अपंग, रुग्ण आणि वृद्ध यांच्या गाडीला सूट हवी, तशी खूण असलेला पास हवा. पण एरवी हाच आक्षेप उलटा करून बघावा. ज्याच्याकडे गाडी नाही, त्या आजीचे काय? २६ ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्म्या दरात. १७ मार्च २०२३पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे चौघांच्या शेतकरी कुटुंबाला महाबळेश्वर पोहोचायला आज जो सर्वांत स्वस्त मार्ग आहे, तो एसटीचाच. आणि पसरणीच्या कोंडीत दोन-दोन तास अडकून पडते तीही एसटीच. भाड्याची गाडी परवडणारा वातानुकूलित गाडीत बसून वैतागतो, लाल गाडीतला उभ्याने घामाघूम होतो. मोटारींना मर्यादा घातली तर पहिला फायदा या उभ्या माणसाचा आहे. ‘मर्यादा म्हणजे गरिबाला मज्जाव’ हा युक्तिवाद डोंगरावरच्या प्रवेशशुल्काला लागू पडेल, गाडीच्या मर्यादेला नाही.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. महाबळेश्वरचा टॅक्सीवाला, घोडेवाला, चणे-फुटाणे विकणारा, लॉजवाला यांची वर्षाची कमाई दोन महिन्यांत होते, त्यावर टाच आणायची का? खरे तर बाहेरच्या खासगी गाड्या वर येतात तेव्हा सर्वांत आधी नुकसान होते ते स्थानिक टॅक्सीवाल्याचे. पर्यटक आपल्याच गाडीने पॉइंट बघून घेतो आणि त्याचे भाडे बुडते. गाड्या वाईत, मेढ्यात आणि पोलादपूरला थांबल्या तर वरचा सगळा प्रवास स्थानिकांच्या हाती येईल. खाली वाहनतळ, चहा-नाश्ता, सामान ठेवण्याच्या जागा यांवर पायथ्याच्या गावांनाही चार पैसे मिळतील. रस्त्यात अडकून दुपारी तीनला पोहोचणारा आणि पाचला परतीच्या कोंडीच्या धास्तीने निघणारा माणूस खरेदी करत नाही. निवांत पोहोचलेला करतो. २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली इथली स्ट्रॉबेरी शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन खाणारा आणि भिलारला पुस्तकांच्या गावात तासभर बसणारा पर्यटक हवा असेल, तर त्याचा तो तास आधी रस्त्याच्या तावडीतून सोडवला पाहिजे.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. जुनी ठिकाणे अपुरी पडत असतील तर नवी वसवा, मर्यादा कशाला? राज्याने १९९६मध्ये नव्या गिरिस्थानांचे धोरण आणले आणि त्यातूनच मोसे नदीच्या खोऱ्यात लवासा उभे राहिले. या शहराचे पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याची काम थांबवण्याची नोटीस आली, वर्षभराने अटींसह परवानगी मिळाली आणि २०१८मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. पण दौंडच्या शेतकऱ्याने या गोष्टीकडे वेगळ्या कारणासाठी बघायला हवे. मोसे नदीवर वरसगाव धरण आहे. वरसगाव, पानशेत, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत मिळून २९ टीएमसी पाणी मावते. त्यातून पुण्याची तहान भागवून जे उरते ते नव्या मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरला येते. उन्हाळी आवर्तन किती दिवस मिळणार, यावर आपल्याकडे दरवर्षी कालवा समितीत खडाजंगी होते. बेबी कालव्यातून पुण्याचे शुद्ध केलेले सांडपाणी शेतीला घ्यायची वेळ आपल्यावर आली ती उगाच नाही. धरणाच्या वरच्या अंगाला शहर वसले की त्याच्या जलतरण तलावाचा आणि सांडपाण्याचा हिशोब खालच्या गावांना द्यावा लागतो. महाबळेश्वरचे पाणी आपल्याकडे येत नाही. पण तेच तत्त्व कोयनेकाठच्या गावांना लागू आहे, आणि तिथे सातारा, पाटण, जावळी या तालुक्यांतल्या २३५ गावांत ‘नवीन महाबळेश्वर’ करण्याची योजना रस्ते विकास महामंडळाकडे २०१९मध्येच सोपवली गेली. एका डोंगरावरची कोंडी दुसऱ्या डोंगरावर नेऊन ठेवणे हा तोडगा नव्हे. जुन्या ठिकाणी शिस्त लावता आली नाही, तर नव्या ठिकाणी ती लागेल असे मानायला काहीच आधार नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, जो आपण सगळेच करतो. ‘हे आपल्या प्रशासनाला जमणार आहे का?’ कासुर्डीकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. दरवर्षी तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून यवतला जाते, ती याच महामार्गाने, कासुर्डीवरून. त्या दिवशी देशातला एक महत्त्वाचा महामार्ग वळवला जातो, जड वाहने दुसऱ्या रस्त्यांनी पाठवली जातात, पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, दवाखाने उभे राहतात आणि लाखो माणसे पायी पुढे सरकतात. माणसाला वाट आणि गाडीला थांबा, हे तत्त्व आपल्या पोलिसांना आणि महसूल खात्याला नवे नाही. गाड्या मोजण्याचे म्हणाल, तर याच कासुर्डीच्या टोलनाक्याने वर्षानुवर्षे येणारी-जाणारी गाडी न् गाडी मोजली. आता फास्टॅग आणि नंबर टिपणारे कॅमेरे आहेत. तीन घाटांच्या तोंडाशी रोजची ठरलेली संख्या पूर्ण झाली की पुढची गाडी वाहनतळाकडे वळवणे हे काम तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. अवघड आहे तो निर्णय. कारण अडवलेल्या गाडीतून आधी फोन जातो तो आमदाराला.

तो निर्णय पुढच्या उन्हाळ्याच्या आत व्हावा. १५ एप्रिल ते १५ जून या काळापुरती सुरुवात करावी. सातारा आणि रायगडच्या जिल्हा प्रशासनांनी घाटांची आणि वाहनतळांची क्षमता मोजून रोजचा आकडा आधीच जाहीर करावा, आगाऊ पास द्यावेत, रहिवासी, शेतमाल, रुग्णवाहिका आणि एसटी यांना मोकळी वाट ठेवावी. वाई, मेढा आणि पोलादपूरहून दर दहा-पंधरा मिनिटांनी ठरलेल्या तिकिटाची गाडी सुटावी आणि तिच्या फेऱ्यांत स्थानिक टॅक्सीचालकांना वाटा द्यावा. मर्यादेला मंत्र्याची गाडीही अपवाद नसावी. आणि आपण काय करावे? शक्य असेल त्याने मेची गर्दी टाळून मार्चअखेरीस, स्ट्रॉबेरी अजून वाफ्यांत असताना जावे. सुट्टीतच जायचे असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत जावे, स्वारगेटहून एसटी धरावी, आणि सरकारी आदेशाची वाट न बघता आपली गाडी यंदापासूनच वाईत लावावी.